होकार गोळा करणारा माणूस

आमच्या सर्वेक्षण कंपनीत प्रश्न लिहायचं काम होकारशेठकडे होतं. हे नाव आम्हीच ठेवलेलं, आणि माणूस असा दिवटा की त्याला ते कौतुक वाटे. ज्याने काम दिलं त्याला हवं ते उत्तर प्रश्नातच कोंबायचं, एवढीच त्याची विद्या. तिला तो 'अनुभव' म्हणे.

त्याच्याच वस्तीतला दवाखाना हायवेपलीकडे हलवायचा घाट घातला गेला आणि लोकांचं मत घ्यायचं काम आमच्याकडे आलं. मी लिहिलं, "दवाखाना आहे तिथेच राहावा, की हायवेपलीकडच्या नव्या इमारतीत जावा?"

शेठने काट मारली. "अगं, असं विचारलंस तर लोक विचार करत बसतील."

"करू देत की."

"नवीन आहेस तू." आणि त्याने लिहिलं, "जुन्या, गळक्या दवाखान्याऐवजी नव्या, सुसज्ज इमारतीत चांगले उपचार मिळावेत, असं तुम्हाला वाटतं ना?"

प्रत्येक प्रश्न तो आधी आईला विचारून बघे. तिला कळला की जगाला कळला, हा त्याचा सिद्धांत. त्या दिवशी मलाही घरी नेलं. काकू गुडघे शेकत बसल्या होत्या. भिंत धरत धरत त्या त्याच दवाखान्यात व्यायामाला जात, म्हणून निदान घरात तरी हिंडत-फिरत होत्या.

प्रश्न ऐकून म्हणाल्या, "चांगले उपचार कोणाला नकोत रे बाबा?"

शेठने माझ्याकडे गड जिंकल्यासारखं पाहिलं.

"काकू, दवाखाना हायवेपलीकडे जाणारे," मी म्हणाले.

"मध्ये बोलायचं नसतं!" तो खेकसला. मग आईला म्हणाला, "काही नाही गं, ऑफिसचं आहे."

वस्तीनेही हो म्हटलं. दवाखाना गेला. हायवेवरच्या पुलाच्या पायऱ्या काकूंना चढवेनात. व्यायाम सुटला आणि काही महिन्यांत त्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हा कुठे शेठ तक्रार घेऊन सर्वेक्षणाचं काम देणाऱ्या अधिकाऱ्याकडे धावला. अधिकाऱ्याने त्याचाच अहवाल पुढे सरकवला: लोकांची एकमुखी मागणी.

"मग काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? लोकांनाच आपलं हित कळत नाही!"

"आणि काकू?"

"ती म्हणते, 'ती पोरगी सांगत होती ते खरंच होतं ना रे?' म्हटलं, मग तेव्हाच विचारायचंस की!"

हे त्याने डबा खाता खाता सांगितलं. मग बोटं चाटली आणि पुढच्या कामाचे प्रश्न लिहायला घेतले.