चामखिळी गेल्या, दाढी राहिली

हनुवटीवर पहिली चामखीळ उगवली तेव्हा मी तिला भाव दिला नाही. दाढी करताना रोज ब्लेड लागायचं, रक्त यायचं, तुरटी फिरवून मी ऑफिसला जायला कोराडीच्या बसकडे पळायचो. बघता बघता तिच्या बहिणी गालभर पसरल्या.

खापा गावचा माझा मावसभाऊ म्हणाला, "चुना लाव गा, झडते आपोआप."

लावला. चामखीळ जागची हलली नाही, आजूबाजूचा गाल मात्र भाजला. बायको आधी पोट धरून हसली, मग मला ऑटोत बसवून लकडगंजच्या वैद्यबाईंकडे घेऊन गेली.

लाकडाच्या वखारींमागे त्यांचा दवाखाना. भिंगातून गाल निरखत त्यांनी विचारलं, "दाढी रोज करता?"

"रोज."

"मग तुम्हीच पेरून राहिले ना! एक कापता अन् त्याच ब्लेडनं दुसरीकडे लावता. आजपासून ब्लेड बंद. चुनाही बंद."

बारीक काडीने त्यांनी मोठ्या चामखिळींच्या टोकावर त्या जाळणारा औषधी क्षार टेकवला. मुंगी डसल्यासारखं झालं. मग लिंबाच्या रसाने तो पुसून वर ज्येष्ठमधाचं तूप लावलं. असं अधूनमधून जात राहिलो. चामखिळी काळ्या पडून गळू लागल्या आणि दाढी वाढू लागली, निम्मी पांढरी. ऑफिसात "महाराज, प्रवचन कधी?" सुरू झालं. आरशात बघायची लाज वाटायची.

माझे वडील जेवणापुरतं बोलणारे. एका सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून ते माझ्याकडे बघत बसले.

"काय झालं, बाबा?"

"अगदी माह्या बापासारखा दिसून राहिला तू."

आजोबांना मी पाहिलं नव्हतं. त्यांचा फोटोही घरात नव्हता. बाबा मात्र त्या दिवशी सुटलेच. आजोबांना पोहता येत नव्हतं, तरी पैजेपायी त्यांनी कन्हान नदीत उडी घेतली आणि म्हशीची शेपटी धरून काठाला लागले!

"म्हैस कोणाची होती, बाबाजी?" बायकोने विचारलं.

"ज्याच्याशी पैज लागली, त्याचीच!"

बाबांना इतकं खदखदून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग रोज चहाबरोबर एक गोष्ट येऊ लागली.

शेवटच्या खेपेला बाबाही दवाखान्यात आले. वैद्यबाईंनी दाढीचे केस बाजूला सारून गाल तपासले. "स्वच्छ आहे. आता करा दाढी. ब्लेड तेवढं नवं घ्या."

"काहून करा लागते?" बाबा बाकावरून म्हणाले. "राहू द्या ना, बाई."

बाई हसल्या. "काका, हे माह्या औषधात बसत नाही. लेकाले विचारा."

लेकाने मान डोलावली. घरी जाताना सलूनसमोर ऑटो थांबवला. न्हावी कात्रीने दाढीला आकार देऊ लागला, तोच शेजारच्या खुर्चीत बसलेले बाबा हात वर करून ओरडले, "अरे, मिशीले हात नको लावू! टोकं वर राहत होती माह्या बापाची."

न्हाव्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते सांगतात तसंच कर."