हवेतलं गायरान

ताडकळसच्या बाजारात गर्दी झाली की कुणाचाच फोन लागत नसे, म्हणून मी खांबावर चढून वायफायचा डबा बसवत होतो. शेळीची दोरी मनगटाला गुंडाळलेले एक बाबा खालून बघत होते.

"ह्यो कुणाच्या हवेवर चालतो?"

"फोन कंपन्यांना हवेतल्या लहरी सरकारकडून विकत घ्याव्या लागतात, बाबा. ह्या वायफायच्या मात्र मोकळ्या. परवाना लागत नाही, कुणीही वापराव्यात."

"म्हंजे गायरानच हाय की!"

डबा सुरू होताच त्यांनी घरी व्हिडिओ कॉल करून शेळी दाखवली. "लय गुणाची हाय. घिऊ का?" बायकोचा होकार आला, तसा फोन खिशात गेला.

"बोला की अजून, फुकट आहे," मी म्हणालो.

"गायरानात खुटा ठोकून बसत न्हाईत, साहेब. दुसऱ्याचं बी चरू द्या."