हातावरची हनुवटी

कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, आमच्या वळसंगच्या घरी बैलांच्या मानेवर जू चढत नाही. आदल्या संध्याकाळी माझे वडील, आबा, बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि कानाशी वाकून म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाय या." आमचे बैल दोनच, बाकी सगळी मेंढरं. पण त्या दिवशीचा मान बैलांचा. वर्षभर राबवून घेतलं म्हणून एक दिवस तरी त्यांना पाहुण्यासारखं वागवायचं, एवढीच त्यामागची रीत.

त्या वर्षी मी रजेवर घरी आले होते. आखातातल्या एका वॉटर पार्कमध्ये मी सी-लायन सांभाळते. सी-लायन म्हणजे सीलचीच चुलत बहीण. हिला बाहेर दिसणारे इवलेसे कान असतात आणि पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांवर ती जमिनीवरही चालते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बार्शीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमनी "मेंढरं राखलीस ना, मग हेही राखशील," म्हणून पाठीवर हात ठेवला नसता, तर मला समुद्रसुद्धा दिसला नसता. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच त्यांनी शिकवलेल्या गोष्टीचा बाजार मांडलेला पाहिला की माझं डोकं फिरतं.

माझ्याकडच्या मादीचा डावा डोळा आजारी होता. तिचा तलाव फिकट निळ्या रंगानं रंगवलेला, वर छप्पर नाही. ऊन वरून पडतं, तळावरून उलटतं आणि पुन्हा डोळ्यांत शिरतं. मासा देणाऱ्या माणसाकडं बघायला तिला सारखी मान वर करावी लागते, म्हणजे तोंड थेट सूर्याकडं. त्यात पाण्यातलं क्लोरीन. बुबुळावर जखम झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सावलीत ठेवा, खेळ बंद करा, दिवसातून अनेकदा थेंब घाला.

सी-लायनला धरून-बांधून थेंब घालता येत नाहीत. वजनानं ती माझ्याहून भारी, आणि दात कुत्र्याचे. तिनं स्वतः डोळा द्यावा लागतो. मी रोज तळहात पुढं करायचे. सुरुवातीला ती नुसती हुंगून जायची. मग एकदा तिनं हनुवटी टेकवली. मग टेकवून ठेवली. मग डोळा उघडा ठेवून थांबली. औषध झोंबायचं, तरी थांबायची. थेंब पडल्यावर मासा. अख्खा हिवाळा त्यात गेला. रजेवर निघताना मी सोबतच्या पोराला ही खूण शिकवून आले, म्हणजे एकही थेंब चुकू नये. ती खेळात जाणार नाही, हा शब्द मी मॅनेजरकडून घेतला होता.

कारहुणवीला सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातून आत्या आणि तिचा मुलगा आले. पुरणपोळी झाली, बैलांना घास भरवून झाला. चुलीपाशी गप्पा चालल्या असताना त्यानं मोबाईल पुढं केला.

"तायडे, तुजा मासा लई फेमस झालाय की! ह्यो बघ व्हिडिओ."

"मासा न्हाय रं ती," आबा म्हणाले. "पिलाला दूध पाजती."

"बरं, मग म्हस म्हना."

सगळे हसले. मीही हसले. मग व्हिडिओ पाहिला.

भर दुपारचा खेळ. मोठ्यानं गाणी लावलेली. रंगीबेरंगी शर्टातल्या निवेदकानं तळहात पुढं केला. ती पाण्यातून वर आली, घसटत गेली, त्याच्या हातावर हनुवटी टेकवली आणि डावा डोळा सताड उघडून थांबली. सूर्य समोर होता. एका बाईनं तिच्या गालाला गाल लावला, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. निवेदकानं हात काढून घेतला, तरी ती तशीच थांबली होती. थेंबाची वाट बघत. मग पुढचं गिऱ्हाईक आलं.

"किती गुणाचं गं!" आत्या म्हणाली. "फोटू काडा म्हनून मान वर करतंय बघ. आमच्या सूनबाईनं लग्नातबी येवडी वर केली न्हवती."

"फोटूला न्हाय करत, आत्या," मी म्हणाले. राग आला की माझी कॉलेजची भाषा पळून जाते. "औषदाला करतीय. डोळा दुकतोय तिचा. मी शिकिवलंय तसं करायला."

आतेभाऊ म्हणाला, "आगं पन मारत तर न्हाईत की तिला."

"मारलं असतं तर चावली तरी असती."

मी उठून मेंढरांच्या वाड्यापाशी गेले आणि मॅनेजरला फोन लावला. तो शांतपणे बोलला. अशी माणसं शांतच बोलतात. म्हणाला, त्या पोराचं बघून निवेदकानंही हात पुढं केला, ती आपणहून येते, तिला कुणी ओढून आणत नाही. पाहुण्यांना आवडतं. पाच मिनिटांचं तर काम. मी म्हणाले, तलावावर निदान जाळी टाका. तर म्हणे, फोटोत वाईट दिसते.

फोटोत वाईट दिसते! आमच्या तालुक्यात डाळिंबाच्या रोपांनासुद्धा शेडनेट मिळतं. रोप सुकेल म्हणून शेतकरी काठ्या ठोकून, सुतळ्या बांधून सावली करतो, आणि तिथं जिवंत जनावराचा डोळा करपत होता तर ह्यांना फोटो बघायचा होता. मी हे त्याला हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो म्हणाला, इतका राग असेल तर परत येऊ नका, माणसं मिळतात.

मी परत आले तेव्हा आबा गोठ्यात बैलांच्या शिंगांचे गोंडे सारखे करत होते.

"न्हाय जात आता," मी म्हणाले. "थुकते त्या नोकरीवर."

"नको जाऊ," आबा म्हणाले. गोंड्याची गाठ आवळत विचारलं, "तितं तिला दुसरं कोन हाय?"

"एक पोरगं हाय, पन त्याचं कोन ऐकत न्हाय."

"मग तुजा राग तिच्या काय कामाचा? राखनारा रागावून घरी आला, की लांडग्याचंच बरं हुतं."

मला त्यांचाही राग आला. बापानं बाजू घ्यावी असं वाटत होतं. मी रात्री जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी रजा मोडून निघाले.

पोहोचले तेव्हा डाव्या बुबुळावर पांढरा डाग धरला होता. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं आणि मान हलवली. तो डोळा गेला होता. उजवा वाचवता येईल, म्हणाले, पण आता उन्हात नको. त्यांनी मॅनेजरसमोर हेच सांगितल्यावर तिला मागच्या लहान तलावात हलवलं आणि त्यावर जाळी बसली. पुढच्या, खेळाच्या तलावावर नाहीच. फोटोचा खेळही बंद झाला नाही.

मग मी तो बंद पाडला. रोज तळहात पुढं करायचे. ती यायची, हनुवटी टेकवायची, थांबायची. मी काही करायचे नाही. थेंब नाही, मासा नाही, शब्द नाही. दुसरीकडं बघत उभी राहायचे. ती बराच वेळ थांबायची. त्या वेळी तो मॅनेजर, तो निवेदक, टाळ्या वाजवणारे सगळे डोळ्यांपुढं यायचे आणि दातांवर दात आवळून मी तशीच राहायचे. हळूहळू तिनं तळहाताकडं यायचं सोडलं.

औषधासाठी नवी खूण शिकवली. मागच्या तलावाला सिमेंटचा कठडा आहे. मी त्याच्या पलीकडं बसून हळू आवाजात म्हणते, "आज आवतण घ्या." तेवढ्यावर ती कठड्यावर हनुवटी ठेवते आणि उजवा डोळा देते. हे शब्द तिथं दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाहीत, आणि मी कुणाला शिकवणारही नाही.

स्टेजवर निवेदक हात पुढं करतो तेव्हा ती वळून पाण्यात जाते. जनावर हट्टी झालं, असं मॅनेजर म्हणाला, आणि फोटोचा खेळ बंद झाला. उजवा डोळा अजून स्वच्छ आहे. मला मात्र अजून शांत वाटत नाही, आणि वाटावं असंही वाटत नाही.

कधी कधी सवयीनं माझाच तळहात पुढं जातो. ती त्याच्याकडं एकदा बघते आणि तोंड फिरवते. बरोबर आहे तिचं. मी हात खाली घेते, कठड्यापलीकडं जाऊन बसते आणि आवतण देते.