विरजणाची वाटी

घर बघायला निघालेला माणूस काय बघतो? पाणी किती वेळ येतं, शाळा किती लांब, गाडी कुठे लावायची. तरुबेन कंसारा यातलं काहीएक बघत नसत. नव्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरलं की त्या मुलाला आणि सुनेला दलालाबरोबर पुढे धाडत, पदराआडून स्टीलची वाटी काढत आणि कुठल्याही अनोळखी दाराची कडी वाजवत. दार उघडलं की गोड हसून म्हणत, "बेन, जरा विरजण देता का? आजच राहायला आलोय, शेवटच्या घरात."

धडधडीत खोटं! पण तरुबेनना त्याचं काही वाटत नसे. मुलगी देताना लोक चौकशीला काय काय थापा मारतात, मग इथे तर अख्ख्या घराला नांदायला जायचं होतं.

वर्षभर हे असंच चाललं होतं. गोता भागात एका बाईने दारच उघडलं नाही, जाळीतूनच म्हणाली, "आम्ही पाकिटातलं दही आणतो." तरुबेननी तिथल्या तिथे ते घर रद्द केलं. चांदखेड्यात एकीने विरजण दिलं, पण नाव विचारलं नाही, की कुठून आलात विचारलं नाही, आणि दार लावून घेतलं. तेही रद्द. "विरजण मिळालं, शेजार कुठे मिळाला?" तरुबेन गाडीत बसता बसता म्हणाल्या. पुढच्या सीटवर त्यांचा मुलगा निमेष कपाळाला हात लावून बसला, आणि सून फाल्गुनी खिडकीबाहेर बघत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला वेड लागलंय. तसं नव्हतं हो. तरुबेन वीसनगरहून लग्न होऊन अहमदाबादच्या पोळात, जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्लीत, आल्या, त्या दिवशी घरात दूध होतं आणि विरजण नव्हतं. नव्या नवरीने कोणाकडे मागायचं? त्या चुलीपुढे रडवेल्या होऊन बसल्या होत्या, तेवढ्यात समोरच्या कांताबेन न सांगता न बोलावता वाटी घेऊन आल्या. "म्हटलं, पहिल्याच दिवशी विरजण कुठून असणार पोरीकडे?" झालं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत वाट्यांची जी ये-जा सुरू झाली ती थांबली नाही. इकडून हांडवा गेला की तिकडून कढी यायची. रिकामी वाटी परत करायची नाही असा आमच्याकडे दंडकच आहे. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी नाही.

तरुबेनचे यजमान बळदेवभाई माणेकचौकात भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. दिवसभर टक टक टक. एका वर्षी त्यांना काविळीने असं गाठलं की ते महिनोन् महिने अंथरुणातून उठले नाहीत. निमेष तेव्हा तीन वर्षांचा होता. तो पोळातल्या कुठल्याही घरात जेवायचा, कुठेही झोपायचा, आणि संध्याकाळी तरुबेनच्या ओट्यावर झाकलेल्या वाट्या येऊन बसायच्या. कोणाची कोणती हेही कळायचं नाही. कोणी एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. बरे झाल्यावर बळदेवभाईंनी ओट्यावर बैठक मारली आणि पोळातल्या सगळ्यांच्या वाट्यांवर फुकट नावं घालून दिली. म्हणाले, "वाटी कुठेही जाऊ दे, घरी परत यायला पाहिजे."

बळदेवभाई आता नव्हते. कांताबेन मुलाकडे सुरतला गेल्या होत्या. पोळातली घरं एकामागून एक कापडवाल्यांनी घेतली आणि जिथे माणसं झोपायची तिथे गठ्ठे झोपू लागले. तरुबेन सवयीने हांडवा जास्तीचा करत आणि हमालांना देत. ते बिचारे खाऊन तृप्तीचा ढेकर देत, पण वाटी रिकामी यायची. ते भरणार तरी कशाने?

आणि नात! हेली सहा वर्षांची होती आणि तिच्याशी खेळायला पोळात एकही पोर नव्हतं. तिचा आवडता खेळ म्हणजे टेम्पो मागे घ्यायला लावणं. दुपारी शाळेतून आली की ती ओट्यावर उभी राहून खणखणीत आवाजात ओरडायची, "येऊ दे, येऊ दे! डावीकडे काप! बस्स!" ड्रायव्हर लोक तिला 'शेठाणी' म्हणायचे. ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण एके दिवशी टेम्पो 'बस्स' म्हटल्यावरही थांबला नाही आणि हेली हातभर अंतराने वाचली. त्या रात्री फाल्गुनी पोरीला पोटाशी धरून बसली ती उठेना.

दुसऱ्या दिवशी तिने सासूला सरळ सांगितलं, "बा, या शनिवारी निकोलला एक घर बघायचंय. तुम्हाला पसंत पडलं तर पडलं. नाही पडलं तर नरोड्याचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊन टाकू."

"बाराव्या मजल्यावर मी यायची नाही. तिथे कोणाच्या दारात बसू, कावळ्यांच्या?"

"मग बा..." फाल्गुनीच्या तोंडून पुढचं निघेना. सात वर्षांत सासूला उलट बोललेली नव्हती ती.

ते हेलीने बोलून टाकलं. "मग बा इथे गठ्ठ्यांबरोबर राहणार?"

तरुबेन भाजी निवडत होत्या, त्यांनी चांगल्या शेंगा कचऱ्यात टाकल्या आणि देठं ताटात ठेवली. पोरीशिवाय राहायचं हा विचारच त्यांना सोसवत नव्हता. पण बंद दारांच्या मधे म्हातारपण काढायचं, उद्या आपल्याला काही झालं तर या पोरीला दुपारी 'ये गं, जेव' म्हणणारं कोणी नसायचं, हेही त्यांना पेलत नव्हतं.

शनिवारी निघायलाच उशीर झाला. त्यात पुलावर वरघोडा आडवा आला. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी रस्त्यावर लोळून नाचतायत, आणि मागे गाड्यांची रांग. निकोलच्या अंबिकाकृपा सोसायटीत पोचेपर्यंत ऊन उतरून गेलं होतं.

पण सोसायटी काय सुरेख होती! बैठ्या घरांच्या दोन ओळी, प्रत्येकापुढे ओटा, ओट्यावर झोपाळा. मधल्या रस्त्यावर पोरं विटा रचून खेळत होती. हेली गाडीतून उतरली आणि बघता बघता त्या घोळक्यात दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने तिचा आवाज तेवढा आला, "येऊ दे, येऊ दे! डावीकडे काप!" आणि एक मुलगा तीनचाकी सायकल मागे घेताना दिसला. विकाऊ घर खरंच ओळीतलं शेवटचं होतं. निमेष-फाल्गुनी दलालाबरोबर आत गेले.

तरुबेननी वाटी काढली. हिरव्या दाराची कडी वाजवली. एक भरल्या अंगाची बाई बाहेर आली, तिच्या हातात पेटती उदबत्ती होती.

"बेन, जरा विरजण देता का? आजच राहायला आलोय, शेवटच्या घरात."

बाईने वाटी घेतली, तरुबेनकडे पाहिलं, बाहेर आभाळाकडे पाहिलं. "आत्ता नाही हं देता येणार, बा. सकाळी या." एवढ्यात आत कोणी पोर भोकाड पसरून रडलं, आणि ती वाटीसकट आत धावली.

तरुबेनच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. चमचाभर विरजण! आणि तेही सकाळी! त्या तरातरा गाडीत येऊन बसल्या आणि दार धाडकन ओढून घेतलं.

"रद्द," त्या म्हणाल्या.

"बा, अगं पण घर..." निमेष सुरू झाला.

"घर छान आहे. माणसं दगड आहेत."

हेलीला खेळातून ओढून आणावं लागलं. ती रस्ताभर रडत होती. फाल्गुनी मात्र अगदी शांत होती. ती एवढंच म्हणाली, "निमेष, उद्या नरोड्याला बयाणा देऊन ये."

घरी आल्यावर तरुबेनना कळलं की वाटी तिथेच राहिली. बळदेवभाईंनी पोळातल्या सगळ्यांच्या आधी, पहिली म्हणून, कोरलेली वाटी! त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पोट दुखतंय म्हणून जेवल्या नाहीत.

सकाळी निमेष चहा पिता पिता मोबाईल बघत होता. त्याने कप खाली ठेवला.

"बा, ही कोणाची वाटी?"

कंसारा ज्ञातीच्या ग्रुपवर कोणीतरी वाटीचा फोटो पुढे पाठवला होता. नाव ठसठशीत: बळदेवभाई कंसारा, अहमदाबाद. खाली मजकूर होता. 'निकोलच्या अंबिकाकृपा सोसायटीत काल एक बा आल्या होत्या. शेवटच्या घरात राहायला आलो म्हणाल्या, पण शेवटच्या घराला कुलूप आहे. बांना स्वतःचं घर आठवत नसावं. कोणाच्या बा असतील त्यांनी लगेच कळवावं. आम्ही शोधतोय, घाबरू नये.'

"म्हणजे? मी हरवले?" तरुबेन ओरडल्या.

"बा, तू हरवली होतीस?" हेलीने डोळे विस्फारले.

मजकुराखाली एक आवाजी निरोप होता. हिरव्या दारवालीचाच आवाज, पार रडकुंडीला आलेला. "अहो, मी जसुबेन. चूक माझीच. दिवा लागला होता, लक्ष्मीच्या वेळेला विरजण कसं देणार घराबाहेर? म्हणून सकाळी या म्हटलं. बांना विचारायला हवं होतं, घरी सोडायला हवं होतं. बिचाऱ्या उपाशी कुठे बसल्या असतील तर मला मेलीला जागा नाही लपायला."

तरुबेन मटकन पाटावर बसल्या. "दिवा लागला होता?"

फाल्गुनीने पदर तोंडाला लावला. पण हसू काही आवरेना. "बा, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी संध्याकाळी शेजारी विरजण दिलं होतं, आठवतंय? तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतंत. 'दिवा लागल्यावर घरची लक्ष्मी वाटीत घालून दिलीस' म्हणालात!"

"त्या वरघोड्याने घात केला गं," तरुबेन पुटपुटल्या. "वेळेचं भानच राहिलं नाही." मग एकदम उठल्या. "चला. गाडी काढ, निमेष. ती बाई रडतेय तिकडे."

पण सोसायटीचं फाटक दिसलं तशा त्या सीटवर मागे सरकल्या. खोटं बोलून आलेलो आपण, आता काय तोंड दाखवणार? तिथे तर निम्मी सोसायटी रस्त्यावर होती. एक टक्कल पडलेले काका पुढे झाले आणि बहिऱ्याशी बोलावं तसे सावकाश, मोठ्याने म्हणाले, "बा! तुमचं! नाव! आठवतं! का?"

"डोकं ठिकाणावर आहे माझं, भाई," तरुबेन म्हणाल्या आणि सरळ जसुबेनसमोर जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "बेन, मी खोटं बोलले. मी इथे राहत नाही. जिथे घर बघायला जाते तिथे विरजण मागते, माणसं कशी आहेत ते कळावं म्हणून."

जसुबेनचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आमची परीक्षा घेत होतात? माझा नवरा सकाळपासून स्कूटर घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आला! कोणी म्हणत होतं चोरटी असेल, तर मी भांडले, चोर काय स्वतःची वाटी देऊन जातो का!"

"तुम्ही शिव्या द्या मला. दिवा लागल्यावर मागायला आले, ते माझ्या सासूने पाहिलं असतं तर तिने पळीच हाणली असती डोक्यात."

जसुबेन क्षणभर तशाच रागाने बघत होत्या. मग त्यांचा ओठ हलला, आणि त्या अशा हसल्या की टक्कलवाले काकाही हसायला लागले. त्या आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. वर झाकण होतं.

"सकाळी तुम्ही विरजण नेऊन दही कधी लावणार, म्हणून रात्रीच विरजून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "सहाला घेऊन शेवटच्या घरी गेले, तर कुलूप."

तरुबेननी झाकण उचललं. घट्ट कवडी दही. त्यांचा अंगठा वाटीच्या कडेवर फिरला, बळदेवभाईंच्या नावावरून. वाटी कुठेही जाऊ दे, म्हणाले होते. त्यांना एकदम भरून आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही, पदराने डोळे पुसले आणि वर नाकही.

"मग बा, खरं घर कुठे तुमचं?" जसुबेननी विचारलं.

तरुबेननी निमेषकडे पाहिलं नाही, फाल्गुनीकडे पाहिलं नाही. हात लांब करून त्या म्हणाल्या, "ते काय. शेवटचं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी नव्या घरात शकुनाचा पाण्याचा घडा ठेवला आणि सामान उतरवलं. हेलीने फाटकापासून टेम्पो मागे घेतला, सोसायटीतली सगळी पोरं तिच्यामागे ओरडत होती. दुपार कलली. तरुबेन स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ दुधाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की या गडबडीत विरजण आणायचंच राहिलं. खिडकीतून त्यांनी घाईघाईने ऊन बघितलं.

तेवढ्यात कडी वाजली. दारात जसुबेन होत्या, हातात वाटी.

"घ्या बा," त्या म्हणाल्या, "म्हटलं, दिवा लागायच्या आत देऊन यावं. पहिल्याच दिवशी विरजण कुठून असणार तुमच्याकडे?"