ठमी आणि मास्तर

माझा मामा बस डेपोत मेकॅनिक होता. अंगानं इतका सडपातळ, की डेपोत त्याला सगळे ‘दहा-अकरा’ म्हणत. दहा-अकरा म्हणजे त्यांच्याकडचा बारीकातला पाना. मामी त्याच डेपोत काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायची. दिवसभर तो गाडीखाली आणि ती लाउडस्पीकरवर. मामा म्हणायचा, बायको बोलते आणि नवरा ऐकतो हे सगळ्याच घरात असतं, आमच्याकडे ते फक्त भोंग्यावरून होतं.

घरी आल्यावर मात्र तो सगळी कसर भरून काढायचा. विषय बहुधा एकच असायचा. त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक चिंचोळी पट्टी होती, मध्ये नळ. तिथं त्यांनी पिवळ्या टोमॅटोची तीन जुनी वाणं धरली होती. बाजारात न मिळणारी. एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी पुडीतून आलेली. नावं मामीनं ठेवली होती. चपटी, फुगलेली, गोड आणि जरा पाऊस लागला की तडकणारी ती ठमी. गोल, कडक सालीचा, जीभ आकसेल असा आंबट तो मास्तर; त्याचं बी एका म्हाताऱ्या कंडक्टरनं दिलं होतं. आणि देठाकडे निमुळता, बल्बसारखा दिसणारा तो दिवा. दिव्याला चव अशी नव्हतीच. त्याच्याबद्दल दोघांचं एकमत होतं, म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे.

भांडण ठमी आणि मास्तरचं. दुपारी जेवायला घरी आलं की उन्हानं कोमट झालेली फळं तोडायची, मामीनं तिच्याच सुरीनं कापायची, पहिली फोड बिनमिठाची, दुसरी मिठाची, असा नेम होता. मामी म्हणायची, "अहो, हा टोमॅटो आहे की शिक्षा?" मामा म्हणायचा, ठमीला नुसतं गोड बोलता येतं, अंगात दम नाही, चार दिवस टोपलीत टिकत नाही. मी सुट्टीत जायची तेव्हा मला पंच करत आणि मी कोणाच्याही बाजूनं बोलले तरी दुसऱ्याचा चेहरा पडायचा. अशी बावीस वर्षं गेली आणि निकाल काही लागला नाही.

मग एका सकाळी मामा एका गाडीखाली खड्ड्यात उभा राहून काम करत असताना त्याला मामीचा आवाज ऐकू आला. सात नंबरची गाडी फलाट क्रमांक, असं म्हणून ती थांबली. पुन्हा म्हणाली, फलाट. मग नुसतंच फलाट, फलाट, फलाट. बाकावरचे लोक हसले. त्यांना वाटलं यंत्र अडकलं. मामा हातातला पाना तसाच घेऊन धावत सुटला. तो पोचेपर्यंत ती खुर्चीत एका बाजूला कलली होती आणि माइक चालूच होता.

अर्धांगाचा झटका होता. ती वाचली. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालायला लागली. समजायचं सगळं. पण शब्द गेले ते गेलेच. एकच राहिला, फलाट. चहा हवा तरी फलाट, खिडकी लाव म्हणायचं तरी फलाट. सुरुवातीला ती स्वतःच हसायची त्याला.

आठवड्यातून दोनदा एक बाई तिला बोलायला शिकवायला येत. त्यांनी सांगितलं, घरातल्या ओळखीच्या वस्तूंनी सराव करा. मामानं टोमॅटो घेतले. रोज दुपारी ताटलीत फोडी मांडायचा आणि म्हणायचा, ठ म्हण. ठमी म्हण. ती मान पुढे करायची, ओठ जुळवायची, कपाळाला घाम यायचा, आणि बाहेर यायचं ते फलाट. दोन महिने असं चाललं. मामा इंजिनाजवळ शांत असायचा, माणसांजवळ त्याला तेवढा धीर नव्हता. एका दुपारी तो म्हणाला, "दिवसभर सगळ्या जगाला सांगत होतीस, कोणी कुठं जायचं ते. मला एक शब्द देता येत नाही तुला?"

तिनं डाव्या हातानं ताटली उचलली आणि जमिनीवर पालथी घातली. त्यानंतर नऊ दिवस ती फलाटसुद्धा म्हणाली नाही.

आईनं मला तेव्हाच त्यांच्याकडे पाठवलं. घरात फक्त भांड्यांचा आवाज. मामी माझ्या केसांवरून हात फिरवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. नळापाशी हात धुताना मामानं मला हळूच विचारलं, "तुझ्याशी बोलते का?" मी नाही म्हटलं. तो बराच वेळ हात धूत राहिला.

दहाव्या दिवशी ती पुन्हा फलाट म्हणाली, पण ते कामापुरतं. मामानं सराव बंद केला. हंगाम सरला तेव्हा त्यानं ठमीचं बी धुऊन कागदावर वाळवलं आणि मास्तरची व दिव्याची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला फोनवर म्हणाला, या वर्षी सगळी झाडं तिचीच लावणार. माफी मागायला त्याला तोंडानं कधीच जमलं नव्हतं, म्हणून तो हे हातानं करत होता. मलाही ते छान वाटलं. तसं मी म्हणालेसुद्धा.

पहिली फळं आली तेव्हा मी तिथं होते. मामानं फोडी कापल्या, आधी बिनमिठाच्या, आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. तिनं एक खाल्ली. मग ताटली फिरवून बघितली. दुसरी फोड उलटी केली. मागच्या दाराकडे बघितलं, मग मामाकडे.

"फलाट?" खूप दिवसांनी तिच्या आवाजात प्रश्न होता.

"सगळी ठमीच आहे," मामा म्हणाला. "तू जिंकलीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं ताटली हळूच त्याच्याकडे सरकवली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

संध्याकाळपर्यंत मामाच्या लक्षात आलं. तो नळाच्या कट्ट्यावर बसला होता, मी शेजारी. "मी तिच्याशी भांडायचंच सोडलं गं," तो म्हणाला. "झटक्यानं केलं नव्हतं तेवढं आजारी मी करून टाकलं तिला."

दुसऱ्या दिवशी तो मास्तरच्या शोधाला लागला. म्हाताऱ्या कंडक्टरच्या घरी गेला. ते जाऊन तीन वर्षं झाली होती आणि परसात फरशी बसवली होती. सुनेनं चहा दिला, बी कुठलं असणार? मग रोपवाटिका झाल्या, बाजार झाला, ओळखीच्यांच्या ओळखीचे झाले. जिथं पिवळा आंबट टोमॅटो दिसेल तिथून तो आणायचा. मामी सुरी डाव्या हातात धरायला शिकली. फोड तोंडात ठेवून ती डोळे मिटायची आणि मग ठाम मान हलवायची. मामा मुद्दाम म्हणायचा, हा जवळपास आहे. ती चिडून म्हणायची, फलाट! तो म्हणायचा, तुला काय कळतंय त्यातलं, मास्तर माझा होता. पुढच्या दोन महिन्यांत त्या घरात पुन्हा जेवण उशिरा संपायला लागलं.

दोनच महिने. दुसरा झटका दुपारी आला, मामा कामावर असताना. शेजारीण डेपोत सांगायला गेली तेव्हा भोंग्यावर नवी मुलगी गाड्या पुकारत होती. मामा घरी आला तोवर सगळं संपलं होतं.

पुढच्या वर्षी मी एका प्रदर्शनातून पिवळ्या टोमॅटोचं बी आणून त्याला दिलं. आंबट आहे असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मामानं ते लावलं. फळ पिकलं तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. एक कापलं, फोड तोंडात ठेवली, बराच वेळ चघळली.

"हा नाही," तो म्हणाला.

मी विचारलं, मग उपटून टाकू का? त्यानं मान हलवून नको म्हटलं. ते झाड आपसूक वाळेपर्यंत तो रोज सकाळी डेपोत जाण्याआधी त्याला पाणी घालत असे.