फ्लॉपीवरचं कुंकू

आमच्या ऑफिसात फायली साठायच्या, त्याहून जोरात किस्से साठायचे. फायली दाबून बसवायला निदान एक कमांड होती, किस्स्यांना तीही नाही!

ऑफिस म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. माणसं तीन. मालक सावंतसाहेब, चित्रं काढणारा गोराईचा डेनिस, आणि मी. पदवीधर, दोन वर्षांच्या मुग्धाची आई, जन्मजात घाबरट! नॅशनल पार्कातल्या माकडांवर आम्ही मुलांसाठी कॉम्प्युटर गेम बनवत होतो. त्याच्या शे-दीडशे फायली कमांड टाइप करून एकीत बांधायच्या आणि ती फ्लॉपीवर ठेवायची, हे माझं काम.

*

पहिल्या दिवशी एंटर दाबण्याआधी कमांड सात वेळा वाचली.

मागून डेनिस म्हणाला, "वहिनी, लग्नाला हो म्हणताना एवढा विचार केलेला काय?"

"नाही ना रे! म्हणून तर आता करते."

*

कमांडमध्ये 'ए' टाकलं की फायली नुसत्या बांधल्या जायच्या. 'एम' टाकलं की बांधून झाल्यावर मूळ फायली पुसल्या जायच्या. साहेबांचा हुकूम एमचा, मागे काही उरायला नको. "पसारो कित्याक व्हयो?"

"साहेब, फ्लॉपीच गेली तर?"

"तुम्ही आहात ना!"

माझ्यावर इतका विश्वास तर माझ्या आईचाही नव्हता.

*

मग मी रोज एक जादा कॉपी बोरीवलीला घरी न्यायला लागले. डेनिस म्हणे, "वहिनी, घरी माकडांना जेवायला घालता काय?"

फ्लॉपीला एक लांबट खिडकी असते. आतली चकती तिथून उघडी दिसते, आणि तिथे बोट लागलं की वाट लागलीच! मुग्धाचं बोट नेमकं तिथेच जायचं. मी इतकी ओरडायचे, की पोरगी पहिलं आख्खं वाक्य बोलली ते, "बोट नाय!"

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेम गिऱ्हाइकाला द्यायचा होता. वर्षभराची मेहनत. म्हणून दसऱ्याला साहेबांनी ऑफिसात साग्रसंगीत पूजा मांडली. कॉम्प्युटरला हार, कीबोर्डला फूल, आणि फ्लॉपीला ओलं कुंकू. थेट खिडकीत!

"साहेब!!"

"काय झालं? बरोबर मधोमध लावलंय."

फ्लॉपी आत घातली, मशीन घरघरलं आणि एरर आली. मूळ फायली एमने कधीच पुसलेल्या. डेनिसने छातीवर क्रूसाची खूण केली.

"घरी कॉपी आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज कापला नाही.

तिघं रिक्षात बसून बोरीवलीला आलो. कपाट उघडलं, तर फ्लॉपी गायब!

"देव्हाऱ्यात आहे गं," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दसरा ना आज? तुझ्या कामाचं हत्यार ते. कुंकू लावलंय."

मी देव्हाऱ्यापाशी गेले, एक डोळा मिटूनच. खिडकी लख्ख! कुंकू वरच्या कोपऱ्यात, लेबलवर.

"मधोमधच लावणार होते," सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "पण ह्या बयेनं माझा हातच धरला. म्हणे, बोट नाय!"