आतली कडी

बनुबाईला दोर विकायचा म्हणजे दुकानदाराची परीक्षाच. तिसगावच्या पेठेत माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. ती येते, दोर ताणून बघते, दुसरं टोक नवऱ्याला, रामहरीला, धरायला लावते आणि एवढं करूनही विचारते, "भागवतभाऊ, आतून कुजका न्हाई ना?" मी चिडतो, ती हसतही नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ही बाई पाणीसुद्धा फुंकून पिते.

दसरा झाला की हे दोघं नवराबायको ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मुलगी मोनिका वसतिगृहात राहून शिकली. ती अकरावीत असताना एका संस्थेनं तिला वर्षभरासाठी डेन्मार्कला पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका घरात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं आणि पुढच्या जूनला परत यायचं. गावानं पेढे मागितले. बनुबाईनं विचारलं, "तिथला मुकादम कोण?"

"आई, तिथं मुकादम नसतो गं."

"मुकादमाबिगर माणसं कुणी नेत न्हाई. आन दुसऱ्याची पोरगी वरीसभर कोण पोसतंय?"

रामहरी म्हणाला, "जाऊ दे गं, पोरगी हुशार हाय." शेवटी बनुबाई तयार झाली, पण अट घालून. "मला काय वंगाळ दिसलं, की बॅग भरून माघारी यायचं. शिक्षण गेलं चुलीत." मोनिकानं आईच्या गळ्याची शपथ घेतली. निघताना हिनं पोरीच्या बॅगेत कोयता घातला होता. तो मीच काढून घेतला, नाहीतर पोरगी विमानतळावरच अडकली असती.

त्यांच्या वस्तीवर रेंज नाही, म्हणून मोनिकाचा व्हिडिओ कॉल माझ्या दुकानात यायचा. "बरी हाईस का" असं बनुबाई कधी विचारायची नाही. तिचे प्रश्न वेगळेच. आधी जेवतं कोण? पाणी कोण भरतं? घरमालकीण बिर्गिट पोरीच्या मागून हात हलवायची.

"लई हसती," बनुबाई फोनवर पदर धरून मला म्हणायची. "सांगितल्याबिगर एवढं कुणी हसत न्हाई."

बिर्गिटचा नवरा म्हातारा होता, कायम स्वेटर विणत बसलेला. मी म्हटलं, "अहो, हा बाप्या स्वेटर विणतो. याचा काय संशय घेता?"

"आमच्या टोळीचा बिभीषण मुकादमबी पारायणाला बसतो," ती म्हणाली.

एकदा तिनं फर्मान काढलं, "झोपायची खोली दाखव. दार दाखव. आता आतून लावून दाखव." मोनिकानं दार लोटलं. दाराला कडीच नव्हती.

"आई, इथं खोल्यांना कड्या नसत्यात. समदे वाजवून येत्यात."

"वाजवून येतो त्याचं भ्या न्हाई. न वाजवता येतो त्याचं काय? बॅग भर!"

फोन बंद झाल्यावर माझं डोकं सटकलं. "एका कडीपायी पोरीचं वर्ष घालवताय? आई आहात का वैरीण?"

ती खिळ्यांच्या पोत्यावर बसली. "भागवतभाऊ, तोडीवर आमी ऱ्हातो ती कोपी बघितली का कधी? वर पाचट आन ताडपत्री, दाराला गोणपाट. लग्नाच्या पहिल्या साली ह्ये रातीचं कारखान्यावर उसाची गाडी खाली करायला गेल्ते. बाहीरून कुणीतरी गोणपाट उचललं." ती पोत्याची शिवण चाचपत राहिली. "तवापासून कोयता उशाशी घिऊन झोपते," एवढंच म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

तिकडं मोनिकानं सगळं बिर्गिटला सांगितलं. मला वाटलं, त्या लोकांना राग येणार. पण पुढच्या कॉलला दारावर पितळी कडी होती. म्हाताऱ्यानं विणकाम बाजूला ठेवून ती बसवली होती.

"आतून लावून दाखव." खट् असा आवाज आला. बनुबाई कान देऊन ऐकत होती. मग मला हळूच म्हणाली, "लगीच कशी बसवली? म्हंजे त्यास्नीबी ठावं हाय, कडी कशाला लागती." पण बॅग भर म्हणाली नाही.

दसऱ्यानंतर ती ताडपत्री घ्यायला आली. ताडपत्री उजेडाला धरून भोकं शोधत होती, तेवढ्यात कॉल आला.

"काय घेतीस, आई?"

"कोपीला ताडपत्री."

"कोपीचं दार आतून कसं लावतीस?"

"कोपीला कुठलं आलंय दार?"

पोरगी म्हणाली, "कडी न्हाई तर माघारी, असं तूच म्हणलीस ना? तुझ्या कोपीला कडी बसली न्हाई, तर मी बॅग भरते. तुझीच शपथ."

बनुबाईनं माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "तुमी शिकवलं व्हय तिला?"

"देवाशप्पथ नाही."

टोळीचा ट्रक निघायच्या दिवशी ती पत्र्याचं दार घेऊन उभी राहिली. चौकटीसकट. कडी माझ्या दुकानातली, तीही शंभरदा लावून-काढून पारखलेली. बिभीषण मुकादम खेकसला, "राजवाड्यात चाललीस व्हय? हितं माणसाला जागा न्हाई!" ट्रकातल्या बायका हसल्या.

"दार न्हाई तर कोयताबी न्हाई, तोडायला दुसरं जोडपं बघा," बनुबाई म्हणाली. "माझी पोरगी वरीस सोडून माघारी आली, तर तिला तोंड तुमी दावायचं."

कधी आवाज न चढवणाऱ्या रामहरीनं दाराचं एक टोक उचललं. हसणाऱ्यांतलीच कडूबाई खाली उतरली आणि तिनं दुसरं उचललं. मुकादम शिव्या देत बाजूला झाला.

पुढचं मला रामहरीनं सांगितलं, परत आल्यावर. कोपी उभी राहिली, दार बसलं आणि त्यानं मोनिकाला फोन लावून दार दाखवलं. पोरगी म्हणाली, "आई, आतून लावून दाखव." बनुबाई आत गेली. कडी लागली. मग ती बाहेर येईचना. रामहरीनं कान लावला, तर आत ती रडत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला रडताना ऐकलं नव्हतं. तो घाबरून दार वाजवणार, तेवढ्यात फोनमधून मोनिका म्हणाली, "आप्पा, वाजवू नका. थांबा."

तो तसाच दाराशी उभा राहिला. बऱ्याच वेळानं कडी निघाली. तोंड पुसत बनुबाई बाहेर आली आणि म्हणाली, "कडी जरा ढिली हाय. त्या भागवतनं फशिवलं वाटतं."